धाकटीची चाकं

स्वयंपाकघराचं मागचं दार उघडं होतं आणि बाहेर पत्र्याखालच्या फरशीवर पत्ते उभे होते. तिला आधी पत्तेच दिसले, चाक मागाहून. जुन्या चादरीवर गाडीचं अख्खं चाक आडवं टाकलेलं, आणि टायर आणि रिम यांच्या मधल्या फटीत एकाला एक लागून पत्ते खोचलेले, टायरवर रंग उडू नये म्हणून गोल कुंपण घातल्यासारखे. किलवरची सत्ती होती, इस्पिकचा गुलाम होता, आणि त्याच्या शेजारी चौकटची नव्वी, धाकट्या बहिणीने शाळेत असताना पुठ्ठ्यावर लाल पेन्सिलीने काढलेली, कारण खरी नव्वी एका दुपारी खिडकीतून उडून गेली होती. हा जोड कपाटाच्या खालच्या खणात, शिवणाच्या डब्यामागे असायचा. नवऱ्याला पत्ते खेळता येत नव्हते आणि तो खण त्याने आजवर कधी उघडल्याचं तिला आठवत नव्हतं. आता मात्र तो बुटक्या स्टुलावर बसून, कमरेत वाकून, दुसऱ्या चाकाच्या सांदीतली काजळी दात घासायच्या जुन्या ब्रशने काढत होता. वर न बघताच तो म्हणाला, "अगं, जपून. तिकडे पाय ठेवू नकोस, धूळ उडेल."

ती उंबऱ्यावरच थांबली. कामावरून आलेली, खांद्यावरची पर्सही अजून उतरवलेली नव्हती. जपून, हा शब्द त्याच्या तोंडून तिने बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता, आणि ऐकला तो आता, एका चाकाच्या वतीने.

"पत्ते कोणी काढले?"

"मीच. धाकटीने सांगितलं कुठे आहेत ते. फटीत बसायला पत्त्यासारखं दुसरं काही नाही. वाकतो, पण मोडत नाही."

"मला विचारायचं होतं."

"तुला? पत्त्यांसाठी?" तो हसला आणि पुन्हा ब्रश चालवायला लागला.

तसं पाहिलं तर प्रकार साधा होता. धाकटीने कुणाची तरी वापरलेली गाडी घेतली होती. गाडी बरी होती, चाकांचे मात्र जागोजागी पोपडे निघाले होते. गॅरेजवाल्याने नवी चाकं घ्या म्हणून सांगितलं, तर भावोजी म्हणाले, कशाला, घरीच रंगवू, असा रंग देऊ की गाडी जाईल पण रंग जाणार नाही. भावोजी म्हणजे हिचा नवरा. तो विमा कंपनीत होता, ठोकलेल्या गाड्या बघून नुकसान ठरवायचा, त्यामुळे गाडीचा रंग का सुटतो यावर तो जेवण संपेपर्यंत बोलू शकायचा. पण जीभ चालवणं वेगळं आणि हात चालवणं वेगळं, आणि या घरात त्याचे हात चालताना कुणी पाहिले नव्हते. न्हाणीघरातला नळ थंडीपासून गळत होता. स्वयंपाकघरातली फळी एका बाजूला कलली होती, आणि तिने तिच्यावरचे डबे उताराच्या बेताने लावून घेतले होते, जड डबे खालच्या टोकाला, म्हणजे बाकीचे घसरले तरी तिथे अडतील. "रविवारी बघू" असं तो प्रत्येक वेळी म्हणायचा. आता तेच रविवार, आणि रविवार पुरेनात म्हणून संध्याकाळीसुद्धा, चाकांच्या सेवेत चालले होते. इमारतीपुढे धाकटीची गाडी चाकांशिवाय लोखंडी स्टँडवर बसून होती. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर जाता येता विचारायचे, "काय, गाडी अंडी उबवतेय का अजून?" सगळे हसायचे. तीही हसायची, आणि मास्तर जिना चढून गेले की त्यांना काय म्हणायचं असेल याचा विचार करत बसायची.

तिला राग त्या कामाचा नव्हता. काम तर तिला कळत होतं, घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त. ती दातांच्या प्रयोगशाळेत होती. डॉक्टरकडून साचा यायचा आणि त्यावरून ती दाताची कॅप घडवायची, पातळ थर, मग भट्टी, पुन्हा पातळ थर, शेजारच्या खऱ्या दातांच्या रंगाशी रंग जुळवत. घाई केली की तडा जातो, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. म्हणून तर तिला ते बघवत नव्हतं. भांडी घासता घासता ती खिडकीतून बघायची. त्याने चाक आधी साबणाने धुतलं, मग तेलकटपणा काढायला कसल्या तरी उग्र पाण्याने पुसलं, मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर घेऊन घासायला बसला. गोल गोल, एकाच चालीत, ओठ किंचित पुढे काढून. मध्येच तो थांबला, हात पुसले, आणि रिमच्या आतल्या कडेवरून बोटांची टोकं हळू फिरवली. फिरवताना त्याने डोळे मिटले. खरखर कुठे राहिली ते डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं, हे तिलाही ठाऊक होतं, ती स्वतः दिवसभर तेच करायची. तरी त्याचे मिटलेले डोळे पाहून तिच्या मानेवर, केसांच्या खाली, काहीतरी सरकल्यासारखं झालं, आणि हातातलं भांडं तिने इतक्या जोरात आपटलं की त्याने डोळे उघडले. "काय पडलं?" त्याने विचारलं. "काही नाही," ती म्हणाली, "तुमचं चालू द्या."

या माणसाकडे इतका धीर होता, आणि तो होता कुठे? सगळी वर्षं तिने समजूत घालून घेतली होती की याच्याकडे तो नाहीच. काही माणसांना गाता येत नाही, तसं याला टिकून बसता येत नाही. त्याला काय करणार. लग्नानंतर एकदा तिला आईच्या जाण्याबद्दल रात्रभर बोलायचं होतं, सगळं, पहिल्यापासून, आणि तो ऐकता ऐकता झोपला होता. तेव्हाही तिने त्याला माफ केलं होतं, दमला असेल म्हणून. आता ती माफी तिला परत घ्यावीशी वाटत होती. घरात सगळीकडे रंगाचा वास भरला होता, टॉवेलला, उशांच्या अभ्र्यांना, पोळ्यांच्या डब्यालासुद्धा. त्या वासाने तिचं डोकं उठायचं आणि तो मात्र खोल श्वास घेऊन म्हणायचा, "बसला वाटतं रंग." अंथरुणावर पडल्यावर त्याच्या नखांच्या कडांना राखाडी रेघ दिसायची. ती रेघ धाकटीची आहे, असं तिच्या मनात यायचं आणि ती कूस बदलायची.

धाकटी. तिला नाव नव्हतं असं नाही, पण तिला या नावानेच हाक मारायची सवय सगळ्या घराला लागली होती. आई गेली तेव्हा धाकटी दुसरीत होती आणि ही नुकती कामाला लागलेली. वडील त्यानंतर नुसते घरात होते. तिची वेणी, तिच्या वह्यांना कव्हरं, तिचे दुखणारे कान, परीक्षेच्या आधी तिला येणाऱ्या उलट्या, सगळं हिने केलं. हिचं लग्न ठरलं तेव्हा हिने एकच अट घातली होती, धाकटी माझ्याबरोबर येईल. होणाऱ्या नवऱ्याने ती हसत मान्य केली, आणि पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांसमोर तोच विनोद केला, लोकांना बायकोबरोबर भांडी मिळतात, मला मेहुणी मिळाली. धाकटी चिडायची, त्याच्या चहात मीठ घालायची, तो मीठ घातलेला चहा चेहरा न बदलता पिऊन दाखवायचा. त्या वेळी ही दोघांकडे बघून हसायची. आपल्या घरात आवाज आहेत, हे तिला बरं वाटायचं. मग धाकटीला नोकरी लागली, ती शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहायला गेली, आणि घरात नळाचं गळणं ऐकू यायला लागलं. तेव्हा भावोजींच्या आणि मेहुणीच्या थट्टामस्करीत काही वेगळं आहे का, असा विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता. आता तो शिवला होता आणि तिला स्वतःचीच शिसारी येत होती. पण शिसारी आली म्हणून विचार जात नाही.

रविवारी धाकटी आली. तिने जुना शर्ट घातला, केस वर बांधले आणि सरळ मागे गेली. ताईच्या खांद्याला जाता जाता हात लावला, तेवढंच. ही आत चहा करत राहिली. बाहेरून डबा हलवल्याचा खुळखुळ आवाज आला, मग रंगाची सुरसुर, मग धाकटीचं हसणं, आणि भावोजींचं, "अगं इतक्या जवळून नको, ओघळ येतील, हात फिरता ठेव, हां, अस्सं." तिने कप भरले, दोनच आणायचे की तीन, असा क्षणभर विचार केला, तीन घेतले, आणि दार ढकललं. दोघं चाकाशी ओणवे बसून हळू आवाजात काहीतरी बोलत होते, आणि तिला बघताच बोलणं बंद झालं. हसणं बंद झालं असतं तर तिने सोसलं असतं. हसत नव्हतेच ते. दोघांचे चेहरे गंभीर होते.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही गं ताई. रंगाचंच." धाकटीने चहा घेतला आणि कपात बघितलं.

"मला पण सांगा की रंगाचं. मी पण रंगातच काम करते."

"तुझं बारीक काम," नवरा म्हणाला. "हे धसमुसळं आहे. तुला नाही आवडायचं."

तिने कप गोळा केले आणि ती आत आली. ताकास तूर लागू द्यायची नाही असं दोघांनी ठरवलेलं दिसत होतं. आत येऊन ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिला वाटलं, कुणीतरी आपल्याला आपल्याच घराच्या दाराबाहेर ठेवलं आहे आणि आत हसतंय. पण आत तर आपण आहोत, बाहेर ते आहेत. सोमवारी प्रयोगशाळेत तिने समोरच्या दाताची कॅप केली, आणि ती डॉक्टरकडून परत आली, रंग चुकला म्हणून. राखाडीकडे झुकला होता. असं आजवर कधी झालं नव्हतं. बाजूच्या टेबलवरची बाई म्हणाली, "घरी बरं आहे ना सगळं?" ती म्हणाली, "उत्तम. रंगरंगोटी चालू आहे."

मग ती दुपार. डोकं दुखतंय सांगून ती अर्ध्या दिवसाने घरी आली. खरं तर तसं काही ठरवलं नव्हतं, असं तिने स्वतःला वाटेत दोनतीनदा सांगितलं. नवरा सकाळी कामावर जाण्याआधी चौथ्या चाकाला रंगाचा हात देऊन गेला होता. बाकीची तीन तयार होऊन भिंतीला टेकून उभी होती, काळसर राखाडी, चकचकीत, दुकानातून आणल्यासारखी. ती दिसायला सुंदर होती, हे तिने मान्य केलं, आणि त्यामुळे तिला जास्तच झोंबलं. चौथं चाक चादरीवर पत्त्यांच्या रिंगणात पडलेलं. शेजारी रंगाचा डबा. तिने डबा उचलला आणि त्यावरचं बारीक अक्षरातलं सगळं वाचलं. पुढचा हात द्यायचा तर तासाभरात द्यावा, नाहीतर दोन दिवस थांबावं. मधल्या काळात अजिबात देऊ नये, खालचा रंग उचलला जातो. वर वर सुकलेला असतो, आत अजून मऊ असतो, आणि वरून नवा ओला रंग पडला की खालचा बिथरतो. तिला ते लगेच पटलं. बोलायचं तर तेव्हाच बोलावं किंवा खूप दिवसांनी. आपण नेमके मधल्या काळात तोंड उघडतो, असं तिला वाटून गेलं. मग तिने डबा हलवला. आतली गोळी खुळखुळली. मी मदत करतेय, ती मनात म्हणाली, लवकर संपलं म्हणजे चाकं एकदाची घराबाहेर जातील. आणि अगदी जवळून, हात न फिरवता, जाड, ओला, भरपूर रंग मारला.

सुरुवातीला काहीच झालं नाही. उलट रंग पाण्यासारखा चमकला. ती त्याच्या बुटक्या स्टुलावर बसली, स्टूल तिला वाटलं होतं त्यापेक्षा खाली होतं, गुडघे छातीशी आले. मग कडेला एक सुरकुती उठली. दुधावर साय धरते तशी ती हळूच जमली आणि तिच्यामागे दुसरी, आणि बघता बघता अख्खी रिम म्हाताऱ्या हाताच्या कातडीसारखी आकसली. तिला आनंद झाला. तो इतका उघड आणि थंड आनंद होता की तिने इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत तर नाही. मग डबा होता तसा, लेबल भिंतीकडे करून ठेवला, हात साबणाने दोनदा धुतले, आणि खरोखरच डोकं दुखायला लागलं म्हणून जाऊन पडली.

संध्याकाळी नवऱ्याने चाक पाहिलं. ती दाराआडून त्याचा चेहरा बघत होती. तो ओरडेल असं तिला वाटलं होतं; ओरडला असता तर तीही ओरडली असती आणि सगळं बाहेर आलं असतं. तो फक्त खाली बसला, सुरकुत्यांवरून बोट फिरवलं, आणि म्हणाला, "घाई केली मी सकाळी. हवेत दमटपणा होता." तिच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. संशय घ्यायला तरी माणूस हिशेबात असावं लागतं, तेवढीही आपण त्याच्या हिशेबात नाही, हे तिच्या लक्षात आलं आणि मघाचा आनंद पार उतरला. त्याने तिथूनच धाकटीला फोन लावला. "अगं, एक चाक बिघडलं... माझीच चूक... नाही नाही, तसंच चालवून कसं घेणार? सगळं खरवडून पहिल्यापासून करतो. तिकडच्या खाऱ्या हवेत महिन्याभरात पापुद्रे सुटतील नाहीतर..." बोलता बोलता तो वळला आणि दारात तिला बघून गप्प झाला. मग "करतो नंतर" म्हणून फोन ठेवला.

"कुठली खारी हवा?" तिने विचारलं.

तो हातातल्या फोनकडे बघत राहिला.

"अहो, मी विचारतेय. इथे कुठे आलाय समुद्र? कुठली खारी हवा?"

"तिला नोकरी लागलीय. तिकडे, बंदरावर. चांगली आहे, आत्तापेक्षा खूपच वरची."

"मग?"

"मग काय. पुढच्या महिन्यात जाईल. घर बघून ठेवलंय तिने."

"कायमची?"

"आता कायमची म्हणजे..." तो थांबला. "हो. तसंच म्हण."

"तुम्हाला केव्हा सांगितलं?"

"गाडी ठेवायला आली त्या दिवशी. तुला तीच सांगणार होती, मी शब्द दिला होता. मला तरी काय हौस होती का मूग गिळून बसायची?"

ती आत येऊन खुर्चीवर बसली. तो मागोमाग आला, काहीतरी बोलत राहिला, हात पुसत राहिला. तिला त्यातलं थोडंच ऐकू आलं. आधी तिला फार सुटल्यासारखं वाटलं, इतकं की हसू फुटेल की काय अशी भीती वाटली. म्हणजे ते कुजबुजणं ते होतं. ते गंभीर चेहरे ते होते. तिने काय काय रचलं होतं मनात, आणि होतं काय तर एक नोकरी. पण सुटल्याची ती भावना चहाचा कप निवेपर्यंतही टिकली नाही. तिच्याखालून दुसरं काहीतरी वर आलं आणि ते जास्त खोल होतं. धाकटीने त्याला सांगितलं. कानात दुखलं की रात्री तिच्याच पांघरुणात शिरणारी, पहिल्यांदा पाळी आली तेव्हा शाळेतून पळत तिच्या प्रयोगशाळेत येऊन दारात उभी राहिलेली धाकटी, आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट घेऊन आली आणि ती तिने भावोजींना सांगितली. इतके दिवस ती बहिणीवर जळत होती. जळायचं होतं ते नवऱ्यावर. त्याला चाकांचा धीर कुठून आला, हेही आता कळलं. तो तिच्या बहिणीला निरोप देत होता, रोज थोडा थोडा, तिच्या देखत, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी धाकटी आली. आधी ती मागे गेली, मागोमाग ही दोघंही; ती चाकाशी बसली, सुरकुत्यांना बोट लावलं, मग उठून म्हणाली, "भावोजी, आज चहा तुम्ही टाका ना." तो मुकाट आत गेला. धाकटीने दार लोटून घेतलं.

"ताई, तू केलंस ना हे?"

"मी मदत करायला गेले."

"तू खोकल्याच्या बाटलीवरचंसुद्धा दोनदा वाचतेस. डब्यावरचं वाचलं नसशील होय?"

धाकटी तिच्यासमोर फरशीवरच बसली, लहानपणी वेणी घालून घ्यायला बसायची तशी, फक्त तोंड इकडे करून.

"त्यांना सांगितलंस," ही म्हणाली. आवाज तिच्या मनात होता त्यापेक्षा बारीक निघाला. "मला नाही सांगितलंस."

"तुला सांगितलं असतं तर मी गेले नसते."

"मी अडवलं असतं? मी?"

"अडवलं असतंस तर बरं झालं असतं, भांडून तरी गेले असते. रडली असतीस तरी गेले असते, तुला मिठी मारून. पण तू तसं करत नाहीस. तू म्हणाली असतीस, जायचं तर जा की. आणि कपाट आवरायला घेतलं असतंस, पाठ करून. मग मी राहिले असते." धाकटीने नाक पुसलं. "दोनदा राहिलेय मी अशी. तुला आठवत नसेल."

तिला आठवत होतं. एकदा कॉलेजच्या वेळी, आणि एकदा त्या मुलाने लांबच्या गावी ये म्हटलं होतं तेव्हा. दोन्ही वेळा तिला वाटलं होतं, धाकटीने आपणहून ठरवलं. दोन्ही वेळा कपाट किती नीट लागलं होतं, तेही आठवलं. मग तिने जे विचारलं, ते तिला स्वतःलाही अपेक्षित नव्हतं.

"मग ते काय म्हणाले? तू सांगितलंस तेव्हा?"

"कोण, भावोजी?" धाकटी रडता रडता हसली. "म्हणाले, खारी हवा वाईट. आधी चाकं रंगवू."

हे आपल्याला सुचलं नसतं, असं तिला वाटलं. दुसऱ्या कशापेक्षाही या एका वाक्याचा तिला हेवा वाटला.

चौथं चाक तिने घेतलं. नवरा पॉलिश पेपर घेऊन बसायला आला तेव्हा तिने स्टूल आपल्याकडे ओढलं. "हे मी करणार," ती म्हणाली, आणि तो दोन्ही हात वर करून बाजूला झाला. सुरकुतलेला रंग खरवडताना त्याच्या चिकट गोळ्या व्हायच्या, बोटांना, मनगटाला, कपाळालाही लागायच्या. सगळं उघडं धातूपर्यंत काढून तिने पुन्हा धुतलं, पुसलं, घासलं. प्रायमरचा पातळ हात दिला, मग रंगाचे, पातळ, इतके पातळ की दिला आहे की नाही ते उजेडात तिरपं बघितल्याशिवाय कळू नये. तासाभरात, किंवा मग दोन दिवसांनी. मधल्या काळात तिने हात पाठीमागे बांधून ठेवले. कामावरून आली की ती आधी मागे जायची. कधी धाकटी येऊन बसायची आणि दोघी बोलायच्या, घराच्या भाड्याबद्दल, तिकडच्या पाण्याबद्दल, आईच्या आवाजाबद्दल, जो आता धाकटीला अजिबात आठवत नव्हता आणि हिला थोडासाच. कधी तो येऊन बसायचा. मग धाकटीचं तोंड नकळत त्याच्याकडे वळायचं, त्याच्या एखाद्या पांचट विनोदावर ती हसायची, आणि हिचा हात थांबायचा. ते गेलं नव्हतं. कारण समजलं म्हणून दुखायचं थांबत नाही, याची तिला थोडी लाजही वाटायची आणि थोडा आधारही.

रंग झाला, मग त्यावर पारदर्शक लॅकर. एक हात, दुसरा हात. डब्यावर दोन म्हटलं होतं. तिने तिसरा दिला. "टिकायला हवं," ती म्हणाली. आठवड्याने चौथा दिला. स्टँडवरच्या गाडीवर धुळीचा थर बसला होता, मास्तरांनीही आता विचारणं सोडलं होतं. धाकटीच्या खोलीतलं सामान खोक्यांत गेलं होतं. ती चटईवर झोपत होती. अजून एखादा हात देता येईल का, हे बघायला ही चाक उजेडाकडे वळवायची, आणि चाकात हिला स्वतःचाच चेहरा दिसायचा, डोळ्यांखाली फुगलेला. पाचव्या हाताला खरंच जागा नव्हती. हे तिच्याइतकं कुणाला कळणार होतं?

शनिवारी सकाळी तिने रिमच्या आतल्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, नख रोवून बघितलं. खूण उमटली नाही. अंगठा दाबला, तोही कोरडा निघाला. तिने एक एक करत पत्ते काढले आणि मांडीवर ठेवले. आता सांगायचं. गेले दोन दिवस ती मनात शब्द जुळवत होती. वाळलं, ये, एवढेच तर शब्द होते, पण ते आपल्या तोंडून जायला हवेत आणि पाठ न फिरवता जायला हवेत, असं तिने पक्कं केलं होतं. तेवढ्यात फोन वाजला, आणि वाजला तो त्याचाच. तो भांडी विसळत होता, गेले काही दिवस तो भांडी विसळायचा. ओल्या बोटाने त्याने फोन खिडकीत ठेवला आणि आवाज मोठा केला.

"भावोजी, वाळलं का हो? ताई काय म्हणतेय? आज आले तर चढवून होतील का चाकं?"

तो खिडकीतून हिच्याकडे बघत होता. तिच्या मांडीवरच्या पत्त्यांकडे, रिमवर ठेवलेल्या अंगठ्याकडे. त्याला सगळं दिसलं होतं.

"नाही गं," तो म्हणाला, सहज, डोळ्यांची पापणी न हलवता. "अजून ओलं आहे. पुढच्या रविवारी बघू."

हे तो तिच्यासाठी बोलला होता. तिला आणखी एक आठवडा मिळावा म्हणून हा माणूस, ज्याला तिचं काही कळत नाही असं ती धरून चालली होती, धादांत खोटं बोलला होता. उठून त्याच्या ओल्या बाहीला हात लावावा असं तिला वाटलं. आणि मग तिने त्याचा चेहरा पाहिला. तो आता तिच्याकडे बघत नव्हता. तो भिंतीला टेकलेल्या तीन चाकांकडे बघत होता, आणि त्याचा खालचा ओठ किंचित पुढे आला होता, घासताना यायचा तसा. त्यालाही आठवडा हवा होता. हे खोटं त्याचंही होतं, कदाचित त्याचंच जास्त, आणि ते किती सहज सुचलं होतं त्याला, किती मायेचं होतं. आधी गुपित त्याला मिळालं, मग ते खाऱ्या हवेचं वाक्य, आणि आता हेही. तिच्या आतून ती ओळखीची कळ उठली, आणि या वेळी तिने ती दाबली नाही. ती उठली. पत्ते फरशीवर सांडले. खिडकीशी जाऊन तिने फोन हातात घेतला.

"खोटं बोलतायत ते," ती म्हणाली. "वाळलंय. कालच वाळलं. तू ये आणि घेऊन जा."

नवऱ्याने नळ बंद केला.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "तू रडतेयस का?"

"हो," ती म्हणाली. "ये लवकर."